माणसाचं हाड वाचण्याआधी

गुहेतल्या माणसाच्या हाडावर दगडी पात्याच्या रेघा सापडल्या, की बातमीचा मथळा ठरलेलाच असतो: आदिमानव नरभक्षक होता. मला या मथळ्याचा राग येतो. तो का येतो हे नीट सांगायचं, तर मी ज्या कामातून गेले ते सगळंच सांगावं लागेल.

मी नागपूरची. पुरातत्त्वात एम.ए. करताना प्रबंधाचा विषय शोधत होते, तेव्हा इंग्लंडमधल्या एका हाडाचं छायाचित्र पाहण्यात आलं. सॉमरसेटमध्ये चेडरची घळ आहे, तिथे गॉफ्स केव्ह नावाची गुहा आहे. सुमारे १४,७०० वर्षांपूर्वी, हिमयुगाचा जोर ओसरत असताना, घोडे आणि हरणं मारून जगणारी माणसं तिथे राहून गेली. त्या गुहेत मिळालेल्या एका माणसाच्या कोपर ते मनगटामधल्या हाडावर झिगझॅग रेघा कोरलेल्या आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या सिल्व्हिया बेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की आधी त्या हाताचं मांस काढलं, मग या रेघा कोरल्या आणि त्यानंतर हाड फोडून आतली मज्जा घेतली.

मी अडकले ती या क्रमापाशी. इतक्या हजार वर्षांपूर्वी कोणी आधी काय केलं आणि नंतर काय, हे हाडाच्या एका तुकड्यावरून कसं काय सांगता येतं? गाईड मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी बकऱ्याचं वाच. माणसाचं नंतर बघू." प्रबंधाचा विषय असा ठरला. स्वतः दगडाची पाती काढायची, त्यांनी बकऱ्याचं मांस कापायचं, हाडं साफ करायची आणि कोणत्या कामाने हाडावर कुठे, कशी खूण उमटते याचे नमुने तयार करायचे.

सुरुवात दगडापासून. उन्हाळ्यात कन्हानचं पात्र उघडं पडतं, तेव्हा गोट्यांमध्ये अकीक, कॅल्सेडनी, जास्पर हाताला लागतात. दुसऱ्या गोट्याने हलकेच ठोकून आवाज ऐकायचा. आवाज खणखणीत आला तर घ्यायचा; बद्द आला तर आत भेग आहे असं समजून टाकून द्यायचा. मांडीवर जाड चामडं, डोळ्यांना चष्मा, आणि गाभ्याच्या, म्हणजे ज्या दगडातून पाती काढायची त्याच्या, कडेवर नेमक्या कोनात घाव. घाव बरोबर बसला की पातळ छिलका सुटून तळहातात येतो. नुकत्या निघालेल्या छिलक्याची धार किती भयंकर असते, हे पुस्तकात वाचून कळत नाही. पण ती टिकतही नाही. चरबीने पातं निसरडं होतं, हाडाला टेकलं की कडेचे बारीक कण उडतात, आणि थोड्याच वेळात नवं पातं घ्यावं लागतं. गुहांमध्ये छिलक्यांचा एवढा खच का सापडतो, ते हातानेच मला सांगितलं.

मग मटणाचं दुकान. घराजवळच्या ज्या भाऊंकडून आम्ही वर्षानुवर्षं मटण घेतो, त्यांनाच जाऊन सांगितलं, की मला पाय अख्खे हवेत, सांध्यासकट, सत्तूर न लावलेले.

"काहून जी ताई? आखा पाय शिजवाचा हाय का?"

कशाला ते सांगितल्यावर त्यांनी काम बाजूला ठेवलं आणि मला ओंड्याजवळ बोलावलं. "मंग पाहा," म्हणाले, "सुरी हाडाले लागूच द्याची नाही. हाडाले लागली का धार गेली." मागचा फरा हातात घेऊन त्यांनी गुडघा थोडा वाकवला, सांध्याची फट अंगठ्याने चाचपली, सुरीचं टोक आत घातलं आणि स्नायुबंध तेवढे कापले. पाय दोन तुकड्यांत मोकळा झाला. हाड भिंगाखाली पाहिलं, तर त्यावर एकही रेघ नव्हती.

माझ्या सगळ्या कामातला सर्वांत मोठा धडा हाच ठरला. ज्याचा हात बसलेला आहे तो हाडावर फारशा खुणा सोडत नाही. म्हणून रेघा जास्त म्हणजे मांस जास्त काढलं, किंवा रेघा नाहीत म्हणजे कापलंच नाही, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. मोजणीपेक्षा जागा महत्त्वाची. रेघ हाडाच्या कोणत्या भागावर आहे, कोणत्या दिशेने गेली आहे, आणि त्या जागी जिवंतपणी कोणता स्नायू किंवा कोणता बंध होता, हे आधी विचारायचं.

कापण्याचं काम मी गच्चीवर पहाटे करत असे. ऊन चढलं की मे महिन्यात नागपुरात मांस तासभरही धड राहत नाही. प्रत्येक पायासाठी एक कागद, त्यावर हाडांची रेखाकृती, आणि प्रत्येक घावाची नोंद: कातडी सोडवताना, सांधा तोडताना की मांस उतरवताना. कातडी सोडवताना पातं खुराच्या वर, जिथे हाडावर मांसच नसतं तिथे हाडाला लागतं आणि आडव्या, आखूड रेघा येतात. सांधा तोडताना त्या हाडाच्या टोकाशी, गाठीच्या भोवती पडतात. मांस उतरवताना मधल्या नळीवर लांब, तिरप्या रेघा येतात, आणि त्या बहुतेक एका घोळक्याने येतात, कारण हात एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत असतो. हे सगळं मी आधी वाचलं होतं. पण हाडावर एक पातळ पापुद्रा असतो, त्यावरून पातं सरकतं आणि पुष्कळदा हाडापर्यंत पोचतच नाही, हे मात्र कापायला बसल्यावरच कळलं. मनगटात बळ लावलं तेव्हाही अनेकदा हाड कोरंच राहिलं.

हाडं साफ करण्याचं काम चिकाटीचं आहे. खळखळत्या पाण्यात शिजवली तर पृष्ठभाग खराब होतो आणि बारीक रेघा जातात. म्हणून पाण्यात थोडी एन्झाइमची कपड्यांची पावडर घालून हाडं भिजत ठेवायची आणि पाणी कोमट राखायचं. ज्या गावांत थंडी आहे तिथे यासाठी हीटर लावतात. नागपूरच्या उन्हाने तो खर्च वाचवला. झाकणाचा काळा ड्रम गच्चीवर ठेवला की झालं. वासाबद्दल शेजारच्या काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "शिकतेस ना, शिक," आणि आपली वाळवणं दुसऱ्या गच्चीवर नेली.

सूक्ष्मदर्शकाशी बसले तेव्हा पहिली गोष्ट शिकले ती प्रकाशाची. वरून सरळ उजेड टाकला तर हाड सपाट दिसतं, काहीच दिसत नाही. तोच दिवा खाली आणून हाडाला जवळजवळ समांतर धरला, की एकेक खाच सावली धरून उभी राहते. हाड फिरवायचं, उजेड फिरवायचा, पुन्हा बघायचं. दगडी पात्याची धार भिंगाखाली करवतीसारखी दातेरी असते. त्यामुळे तिची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी उतरती असते आणि तिच्या भिंतींवर लांबीला समांतर अगदी बारीक रेषा असतात. काठाशी कधी मुख्य खाचेच्या सोबतीने जाणारे फिके ओरखडेही दिसतात. भाऊंच्या पोलादी सुरीने मुद्दाम पाडलेल्या खाचा शेजारी ठेवल्या, तर त्या अरुंद, खोल आणि आतून स्वच्छ. एकदा हे दोन्ही शेजारीशेजारी पाहिलं, की पुन्हा विसरणं शक्य नाही.

१९८१ मध्ये टांझानियातल्या ओल्डुवाय घळीतल्या हाडांवरच्या दगडी हत्यारांच्या खुणा रिचर्ड पॉट्स आणि पॅट शिपमन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. या कामाला खरी शिस्त लागली ती तिथपासून. पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला: अशीच दिसणारी रेघ माणसाशिवाय आणखी कोण ओढतं? १९८६ मध्ये के बेहरेन्समायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वाळूत पडलेलं हाड नुसतं पायांखाली तुडवलं गेलं, तरी त्यावर कापल्यासारख्या रेघा येतात. हा वाद अजून जिवंत आहे. इथिओपियात दिकिका इथे सापडलेल्या सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत असं २०१० मध्ये जाहीर झालं आणि त्याच वर्षी, नाही, हे तुडवल्याचे ओरखडे आहेत, असा प्रतिवादही आला.

म्हणून मलाही खोट्या खुणांचे नमुने हवे होते. कुही तालुक्यातल्या माझ्या मामांच्या गोठ्याच्या तोंडाशी खडीचा मुरूम टाकलेला आहे. तिथे साफ केलेली हाडं पसरली आणि बैलांच्या येण्याजाण्यात सोडून दिली. मामी रोज संध्याकाळी बघून फोनवर सांगायची, कोणतं हाड वर आलं, कोणतं खाली गेलं. परत आणलेल्या हाडांवर रेघाच रेघा होत्या. पण त्या उथळ, एकमेकींना वाटेल तशा छेदणाऱ्या, किंचित वळत जाणाऱ्या, आणि नळीच्या फुगीर भागावर जास्त. स्नायूंशी त्यांचा काही संबंध नाही. सांध्याजवळच्या खोबणीत, जिथे सांधा तोडणाऱ्याचं पातं हमखास जातं, तिथे जवळजवळ काहीच नाही. एखादी रेघ सुटी करून दाखवली तर ती पात्याची की खड्याची, हे सांगताना अजूनही मी थांबते. अख्खं हाड हातात असलं तर फारसा प्रश्न पडत नाही.

मामांच्या कुत्र्याने चावलेली हाडंही घेतली. दातांचे खड्डे, रुंद आणि गोल तळाच्या चरी, आणि मऊ टोकं कुरतडून नाहीशी झालेली. झाडांची मुळं हाडावर वेडीवाकडी जाळी कोरतात, तिचे नमुने शेतातच मिळाले. साळिंदराचं सगळ्यांत नवल वाटलं. गुहेत हाडं जमवणारा हा प्राणी आपल्या विदर्भातही आहे. त्याच्या पुढच्या दातांच्या जोडीने शेजारीशेजारी रुंद, सपाट तळाच्या चरी पडतात आणि हाडाची कड एकसारखी तासल्यासारखी दिसते. रानाच्या कडेच्या एका जुन्या बिळाबाहेर मामांना असं तासलेलं बैलाचं हाड मिळालं. ते माझ्या संग्रहातला सगळ्यात लाडका नमुना आहे.

शेवटी फोडायचं काम. ताजी नळी दगडाच्या ऐरणीवर ठेवून गोट्याने घाव घातला की ती वळसे घेत फुटते, कडा गुळगुळीत निघतात, आणि घावाच्या जागी खड्डा व त्यात ओरखडे उरतात. वाळलेलं हाड असं फुटत नाही. त्याच्या कडा खडबडीत आणि काटकोनात येतात. आधी रेघा कोरलेल्या हाडावर घाव घालून पाहिला. तडा रेघांमधून आरपार गेला आणि काही रेघा अर्ध्यावर तुटल्या. अर्धी इकडच्या तुकड्यावर, अर्धी तिकडच्या. गॉफ्स केव्हच्या हाडाचा क्रम सांगणारी गोष्ट हीच. रेघ तुटलेली असेल तर ती फोडण्याच्या आधीची. आणि त्या झिगझॅग रेघा जिथे आहेत, तिथे तसं कापून सुटणारा कोणताही स्नायू नाही. मांस काढण्याशी त्यांचा संबंध लागत नाही. हातात दोन तुकडे जुळवून धरले आणि पहिल्यांदा मला ते संशोधन नुसतं वाचलेलं न राहता कळलं.

त्यानंतर मॅडमनी मला वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात पाठवलं. माणसाचे स्नायू हाडावर कुठे धरलेले असतात ते पाहिल्याशिवाय माणसाच्या हाडावरच्या रेघेबद्दल बोलायचं नाही, अशी त्यांची अट होती. ज्यांनी देहदान केलं त्यांच्यामुळे मला हे शिकता आलं. तिथले सर काम सुरू करण्याआधी हात जोडतात, मीही जोडले. कानामागच्या उंचवट्याला मानेचा जाड स्नायू कसा धरतो, कानशिलावरून जबड्याचा स्नायू पंख्याच्या आकारात कसा पसरतो, खालच्या जबड्याच्या आतून जीभ कुठे सोडवावी लागते, हे त्यांनी सावकाश दाखवलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी गॉफ्स केव्हच्या कवट्यांवरचा २०११ चा लेख पुन्हा उघडला. तीन कवट्यांचे प्याले. दोन मोठ्या माणसांचे आणि एक सुमारे तीन वर्षांच्या मुलाचा. टाळूची कातडी, कान, ओठ, चेहऱ्याचं मांस काढल्याच्या रेघा नेमक्या त्या त्या जागी. मग चेहऱ्याचा भाग तोडलेला आणि कवटीचा काठ छोट्या छोट्या घावांनी सारखा केलेला. तीन वर्षांचं मूल. मी लेख मिटवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वाचला.

आता मथळ्याच्या रागाकडे येते. माणसाचं हाड एकट्याने वाचता येत नाही. त्याच थरातल्या, त्याच गुहेतल्या जनावराच्या हाडांशेजारी ते ठेवावं लागतं. स्पेनमध्ये अतापुएर्का इथल्या ग्रान दोलिना गुहेत आठ लाखांहून अधिक वर्षं जुनी माणसांची आणि प्राण्यांची हाडं एकमेकांत मिसळलेली निघाली. दोन्हींवरच्या खुणा सारख्या, दोन्ही मज्जेसाठी फोडलेली. फ्रान्समधल्या मूला-गेर्सी गुहेत सुमारे एक लाख वर्षांपूर्वीच्या निअँडर्थलांची, म्हणजे आता नामशेष झालेल्या एका मानवजातीची, हाडं आणि हरणांची हाडं एकाच रीतीने सोलली, तोडली, फोडली गेली होती. तिथे खाण्याचा निष्कर्ष हा या जोडीतून येतो, नुसत्या रेघेतून येत नाही.

याच्या उलट क्रोएशियातलं क्रापिना. १८९९ पासून तिथे निअँडर्थलांची पुष्कळ हाडं निघाली आणि फार पूर्वीपासून त्यांना नरभक्षणाची साक्ष मानलं गेलं. १९८७ मध्ये मेरी रसेल यांनी त्या रेघा दोन गोष्टींशी ताडून पाहिल्या: एकीकडे कापून खाल्लेल्या मोठ्या प्राण्यांची हाडं, दुसरीकडे उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी साफ करून पुन्हा पुरलेली आपल्या माणसांची हाडं. त्यांच्या मते क्रापिनाचा मेळ दुसऱ्या गटाशी बसतो. यावर सगळ्यांचं एकमत नाही. पण प्रश्न विचारण्याची रीत हीच. आपल्याकडेही दहनानंतर अस्थी वेचतात, धुतात, दुसरीकडे नेतात. गेलेल्या माणसाच्या हाडांना हात लावणं म्हणजे त्याचा अनादर, असं कोणत्याच काळात सगळीकडे नव्हतं.

गॉफ्स केव्ह या दोन्हींच्या मधे उभी आहे, आणि म्हणून ती मला सोडत नाही. २०१५ च्या अभ्यासात तिथल्या माणसांच्या हाडांवर माणसांच्याच दातांच्या खुणा असल्याचं दाखवलं गेलं. बरगड्यांची टोकं चावलेली, नळ्या फोडलेल्या. तिथे माणसाचं मांस खाल्लं गेलं यात मला शंका उरलेली नाही. पण त्या लोकांकडे खायला घोडे होते, हरणं होती. आणि जनावराच्या कवटीला ते असा काठ देत नव्हते. खाणाऱ्याने मधेच थांबून त्या हातावर नक्षी कोरली. आजच्या माणसाला ते किती अस्वस्थ करणारं वाटो, 'भुकेल्या रानटी माणसांनी एकमेकांना खाल्लं' या वाक्यात ते बसत नाही. त्या माणसाचं त्यांना काहीतरी होतं. काय होतं, ते हाड सांगत नाही, आणि मी त्याच्या तोंडी घालणार नाही.

माझा प्रबंध पूर्ण झाला. नमुन्यांच्या पेट्या विभागातच ठेवल्या आहेत, प्रत्येक हाडासोबत त्याचा कागद. नंतरच्या तुकडीतली मुलं त्यांवर हात बसवतात. दंतवैद्यांकडे दातांचा साचा घ्यायला सिलिकॉन वापरतात, त्यानेच मूळ खुणांचे साचे केले आहेत, म्हणजे हाताळून हाडं झिजणार नाहीत. विदर्भातल्या शिळावर्तुळांमधून, म्हणजे मोठ्या दगडांचं कडं केलेल्या प्राचीन दफनांमधून, निघणारी हाडं कधी माझ्या टेबलावर आली, तर मी ती आता कुठून सुरू करायची हे जाणते. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या अशाच दफनांच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांच्या चमूला माणसांसोबत घोडेही पुरलेले आढळले, तांब्याच्या साजासकट. तिथे जनावर आणि माणूस एकाच दफनात आहेत, गुहेत नाहीत. पण दोघांना शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत तीच.

गुहेचं म्हणाल तर आपल्या जवळची मोठी गोष्ट आंध्रात आहे. पूर्वीच्या कर्नूल, आताच्या नंद्याळ जिल्ह्यातल्या बिल्लासुरगमच्या गुहा भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री यांनी १८८४ च्या सुमारास खोदल्या आणि त्यांतली काही हाडं माणसाने घडवलेली असल्याची नोंद केली. रिचर्ड लायडेकर यांनी १८८६ मध्ये तिथल्या प्राण्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात साळिंदरही आहे. तासलेली कड पात्याची की दाताची, हे तिथे हाडागणिक विचारावं लागेल. तिथल्या हाडांचे संग्रह पाहण्याच्या परवानगीसाठी मी अर्ज केला आहे, आणि त्यासोबत मामांना साळिंदराच्या बिळाबाहेर मिळालेल्या त्या हाडाची छायाचित्रं जोडली आहेत.